नाना, बाहेरून दिसंना!

जालन्यात नव्या माणसाची चौकशी एका प्रश्नात संपायची: लोखंडात आहेत का बियाण्यात? बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली इथं महिको काढली, पुढे एमआयडीसीत सळयांच्या मिला धडधडू लागल्या आणि सोयरिकी जुळवणाऱ्यांचं काम सोपं झालं. अलीकडे मात्र तिसराच एक प्रकार निघालाय. हा गृहस्थ सळईत नाही, बियाण्यातही नाही. हा सर्व्हरमध्ये आहे. त्यातून मिळकत शून्य, पण कधीही विचारा, 'सध्या लय काम आहे' हेच उत्तर.

हा बहुधा निवृत्त असतो, हाताला खटपटीची सवय असते आणि मुलगी पुण्याला दिलेली असते. तिन्ही लक्षणं एकत्र आली की निदान पक्कं. आमच्या गल्लीत ह्या माणसाला नाना म्हणतात. तुमच्याकडे आप्पा नाहीतर बापू म्हणत असतील. दूरदर्शनच्या काळात गच्चीवर अँटेना फिरवत 'आलं का?' म्हणून ओरडणारे ते हेच. तेव्हा उत्तर खालच्या मजल्यावरून यायचं, आता वाकडहून येतं: 'नाना, दिसंना!'

सर्व्हर म्हणजे फार काही नाही. मुलीच्या कॉलेजातला जुना कॉम्प्युटर, चार टेराबाइटची हार्डडिस्क आणि त्यावर घरचे पिक्चर दुसऱ्या पडद्यावर दाखवणारं जेलीफिन नावाचं फुकट सॉफ्टवेअर. एम्बी नावाच्या अशाच सॉफ्टवेअरवाल्यांनी आपला कोड लोकांना दाखवणं बंद केलं, तेव्हा २०१८ च्या डिसेंबरात काही जणांनी वेगळी चूल मांडली, तेच हे जेलीफिन. भाऊबंदकी आली म्हणून नाना हा भाग जरा रंगवून सांगतात. डिस्कमध्ये जुने मराठी पिक्चर आहेत, जांबसमर्थच्या रामनवमीची कीर्तनं आहेत आणि घराण्यातल्या झाडून सगळ्या लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटी फाइली होऊन पडल्यात. लग्नाची शूटिंग तीन तासांची. त्यात सव्वा तास आहेर.

ही इस्टेट मुलीला आणि जावयाला पुण्यात बसून बघता यावी, एवढीच नानांची इच्छा. घरात ती दिसतेच. पडवीत उभं राहून, घरच्याच वायफायवर मोबाइल लावून 'चालतंय की!' म्हणण्याचा टप्पा ह्या वाटेवरच्या प्रत्येकाला येतो. खरी परीक्षा घराबाहेर, मोबाइलच्या डेटावर. त्यामुळे नाना हल्ली कोणतंही आमंत्रण मोडत नाहीत. मंठ्याला साखरपुडा असो, परतूरला बारसं असो, आधी नाना हजर. कापडं घेणं-देणं चालू असतं आणि हे मांडवाच्या कडेला घरचा पत्ता टाइप करत उभे. जाफराबादला एका दहाव्याला ते कोपऱ्यात फोन धरून 'गेलं... आत्ता होतं, गेलं...' असं पुटपुटत होते. बायाबापड्यांनी त्यांना पाणी आणून दिलं, एकीनं पाठीवरून हातही फिरवला.

घरी राउटरपुढे बसलेले नाना बघण्यासारखे असतात. चष्मा कपाळावर, मोबाइलचा टॉर्च तोंडात, राउटर उलटा, आणि त्याच्या पोटावरच्या स्टिकरवरचा पासवर्ड मोठ्यानं वाचणं चालू: 'बी का आठ?' मग राउटरचं पान उघडतं. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये जाऊन ८०९६ नंबरचं दार सर्व्हरकडे वळवायचं, सेव्ह करायचं, राउटर बंद-चालू करायचा. नेमके तेव्हाच नळ येतात. जालन्यात नळ येणं ही काही रोजची गोष्ट नाही, तेव्हा काकूंचा हुकूम सुटतो, 'अहो, मोटार लावा आधी!' मोटार लागते, व्होल्टेज बसतं, सर्व्हर बसतो, नानाही बसतात.

मे महिन्यात तर कूलरचं तोंड सर्व्हरकडे असतं. 'त्या डब्याला कूलर आन् मला पदर,' असं काकू आल्यागेल्याला सांगतात. दार उघडण्याच्या भानगडीवरही त्यांनी एकदाच विचारलं, 'त्यातून चोर तर येणार न्हाई ना?' सगळ्या प्रकरणात तांत्रिकदृष्ट्या सर्वांत शहाणा प्रश्न हाच होता. उघडं पोर्ट दिसलं की जगभरातून कोणीही येऊन कडी वाजवतं. नाना त्या रात्री झोपले नाहीत.

पण कडी वाजलीच नाही, कारण दार रस्त्यावर नव्हतंच. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता म्हणून १०० पासून सुरू होणारा आकडा होता, आणि 'माझा आयपी काय' असं इंटरनेटला विचारलं तर भलताच आकडा यायचा. हे दोन आकडे जुळले नाहीत की समजावं, आपण दुसऱ्याच्या पत्त्याआड राहतो. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात मिळून ४२९ कोटी. आशियाच्या वाट्याचा मोकळा साठा २०११ च्या एप्रिलात तळाला गेला आणि उरलेलं रेशनवर आलं. मग नेट देणाऱ्यांनी एका पत्त्यामागे शेकडो घरं बसवली, आणि अशा आतल्या घरांसाठी २०१२ साली १००.६४ ते १००.१२७ असे पत्ते राखून ठेवले गेले. चाळीस बिऱ्हाडांच्या वाड्याला एकच टपालपेटी असावी, तसं हे. तुम्ही पत्र धाडलं तर उत्तर बरोबर तुमच्या खोलीत येतं, कारण दारावरच्या मुनिमानं नाव लिहून घेतलेलं असतं. बाहेरून कुणी आपणहून पत्र टाकलं तर ते कोणाचं, मुनीम कुणाला विचारणार? तो फाडून टाकतो.

नानांनी केबलवाल्या पोराला बोलावलं. तो गाडीवरून उतरलाही नाही. 'काका, नेट चालू आहे ना?' 'आहे.' 'स्पीड बरोबर येतंय ना?' 'येतंय.' 'मंग?' ह्या 'मंग'पुढे भल्याभल्यांचं शिक्षण थिटं पडतं. शेवटी तो म्हणाला, स्टॅटिक आयपी घ्या, त्याचे महिन्याला वेगळे पैसे. नाना उसळले. 'माझ्याच घराला पत्ता पाहिजे म्हणून मी भाडं भरू? घरपट्टी भरतो मी नगरपालिका होती तेव्हापासून!' पोरगं गाडीला किक मारून भोकरदन नाक्याकडे निघून गेलं.

सुटका जावयाकडून झाली. त्यांनी टेलस्केल नावाचं ॲप दोन्हीकडे टाकायला सांगितलं. ह्यात बाहेरून कोणी आत शिरत नाही. इकडचं यंत्र आणि तिकडचं यंत्र, दोघंही आपणहून बाहेर पडतात, मध्यस्थाकडून एकमेकांचा ठावठिकाणा घेतात आणि मग परस्पर बोलतात; नाहीच जमलं तर मध्यस्थामार्फत, लांबून फिरून. मुनिमाच्या वहीत दोघांचीही नावं असतात, त्याची तक्रार नाही. गंमत म्हणजे टेलस्केलनं सर्व्हरला दिलेला पत्ताही शंभरानंच सुरू झाला, त्याच राखीव रांगेतला. 'पाहुणे, हे तर पुन्हा शंभरच!' नाना फोनवर ओरडले. 'असू द्या मामा, हे आपलं घरचं शंभर आहे.' आणि वाकडच्या टीव्हीवर मोठ्या आत्याच्या लग्नातला आहेर सुरू झाला.

त्यानंतर आठवडाभर नाना पडल्या चेहऱ्यानं हिंडत होते. बिघाडच नाही म्हटल्यावर माणसानं सकाळी उठून करायचं काय? तेवढ्यात त्यांना जेलीफिनचा डॅशबोर्ड सापडला. कोण काय बघतंय, कुठवर आलंय, कुठे थांबलंय, सगळं त्यात दिसतं. पिक्चर बघणं नानांनी केव्हाच सोडलं होतं. आता ते पिक्चर बघणारे बघतात. एका रात्री चौदाव्या मिनिटाला पडद्यावर थांबल्याची खूण आली. पुढच्या मिनिटाला वाकडला फोन.

'पाहुणे, अटकलं का?'

'नाही मामा, दूध उतू चाललं होतं.'

'हां, मग ठीक आहे. मला वाटलं, लाइन लांबून फिरून यायली.'

असं दोन-चारदा झाल्यावर जावईबापूंचा फोन संध्याकाळी सायलेंटवर जाऊ लागला. नाना त्यावर रागावले नाहीत. त्याच डॅशबोर्डवर निरोप धाडायचं एक बटण असतं: इथं टाइप करायचं, तिकडे चालू पिक्चरवर चौकट उमटते. तेव्हापासून वाकडला ऐन हाणामारीत, खलनायकाच्या नेमकं तोंडावर मजकूर येतो: 'मोसंबीचं पोतं पाठवलंय. ट्रॅव्हल्सवाल्याचा फोन उचला.'