कानातली थंडी

मराठी माणसाची थंडी कानात असते. पाय उघडे असोत, अंगात बनियनवर एकच मलमली सदरा असो. कान झाकले की हिवाळ्याचा बंदोबस्त झाला. डिसेंबर उजाडला की पुण्याच्या टेकड्यांवर खाली अर्धी चड्डी आणि वर माकडटोपी अशा वेशातले आजोबा दिसू लागतात. आजोबांच्या वरच्या निम्म्या भागाला दार्जिलिंगला आणि खालच्या निम्म्या भागाला मालवणला जायचं असावं.

आमच्या कंपूत या परंपरेला एकच विरोधक होता. आम्ही त्याला लेहकर म्हणतो, कारण त्याचं प्रत्येक वाक्य ‘लेहला असताना’पासून सुरू होतं. जानेवारीतल्या एका पहाटे राजगडाच्या पद्मावती माचीवर आम्ही मफलरी गुंडाळत होतो, तेव्हा त्यानं कपड्यांचे थर या विषयावर व्याख्यान दिलं. आतला थर घाम ओढतो, मधला ऊब धरतो, बाहेरचा वारा अडवतो. अंगाभोवती तापलेल्या हवेचं एक पातळ अस्तर असतं, वारा ते पळवून नेतो. पारा १० अंशांवर आणि वारा ताशी ४० किलोमीटर असेल तर कातडीला ६ अंशच वाटतात. शास्त्र बरोबर होतं, यात शंका नाही. फक्त ते ऐकताना आमचा चहा पार गार झाला, आणि त्याला वारा जबाबदार नव्हता.

संजीवनी माचीवर पोचेपर्यंत सगळे शूर होते. ही माची अडीचेक किलोमीटर लांब, तिला दुहेरी तटबंदी. दोन भिंतींच्या मधल्या खोल, अरुंद जागेत उतरलं की डोक्यावरून वारा शीळ घालत जातो आणि खाली पान हलत नाही. ही चिलखती बांधणी शत्रूसाठी होती हे मान्य; पण त्या सकाळी आम्ही तिथे नाश्त्याच्या निमित्तानं जो मुक्काम ठोकला, तो पाहून तोफांपेक्षा वाराच मोठा शत्रू असावा अशी कोणाचीही समजूत झाली असती. दशम्या संपल्या, चटणी संपली, चटणीच्या कागदावरची जुनी बातमीसुद्धा वाचून संपली. मग इलाजच उरला नाही.

आळू दरवाजातून उतरलं की तोरण्यापर्यंत डोंगराची एकच लांबलचक सोंड. एकीकडे वेल्ह्याचं खोरं, दुसरीकडे लांबवर भाटघर धरणाचं पाणी, मध्ये वाळलेल्या गवताची धार आणि तिच्यावर आम्ही. आडोसा म्हणावा तर पुढच्या माणसाचा, आणि आमच्यात पुढचा माणूस नेहमी किडकिडीतच असतो. उत्तरेत बर्फ पडून गेलं की तिकडचा कोरडा वारा खाली उतरतो. खोऱ्यातून वर चढताना धारेवर त्याला वाट अपुरी पडते, म्हणून तो तिथे आणखी जोरात पळतो. आमची तोंडं पश्चिमेला, वारा उत्तरेचा. त्यामुळे सगळ्यांचा उजवा कान बर्फ आणि डावा चक्क उन्हात. एकाच डोक्याला दोन ऋतू.

अशा वाऱ्यात संभाषण हा प्रकार संपतो. पुण्याची सहा माणसं तासभर गप्प चालली, ही तोरण्याच्या इतिहासातली महत्त्वाची घटना मानायला हरकत नाही. एका उतारावर सर्वांत पुढचा ओरडला, “घसारा!” मागच्यानं ऐकलं, “बसा रे!” आणि तो बसला. त्याला पाहून बाकीचेही बसले. बसल्याबसल्या सगळे सुखरूप खाली घसरत गेलो, तेव्हा मूळ निरोप काय होता याची चौकशी कोणी केली नाही.

त्याच उतारानंतर लेहकरची टोपी गेली. साधीसुधी नव्हे, ‘वारा अडवणारी’. वाऱ्यानं ती आधी कानावरून उचलली, क्षणभर त्याच्याच नाकासमोर धरली आणि मग भाटघरच्या दिशेनं रवाना केली. तिसरा थर गेला. लेहकर दोन्ही तळव्यांनी कान दाबून चालू लागला. समोरून येणाऱ्या दोघांनी त्याला वाईट बातमी कळली आहे असं समजून वाट दिली.

पुढे एका झापापाशी ताक मिळालं. ताक देणाऱ्या मावशींचे पाय अनवाणी, दंड उघडे आणि डोक्यावरून, कानांवरून करकचून बांधलेला टॉवेल.

“टोपी कुठं हाय यांची?” त्यांनी विचारलं.

“उडाली.”

“मंग कान बांधा की! वारं कानातनंच शिरतंय, मागनं समद्या अंगात फिरतंय.”

आमच्या आज्यांनी जे सांगितलं तेच, फक्त ताकासह. लेहकरनं शास्त्रीय प्रतिवाद करायला तोंड उघडलं, पण दात वाजत असल्यामुळे प्रतिवादाचे तुकडे झाले. मावशींनी दोरीवरचा पंचा काढून त्याच्या हातात दिला. त्याचे पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या, म्हणून आम्ही प्रत्येकी आणखी एक ग्लास ताक प्यालो. त्या थंडीत याहून मोठी कृतज्ञता शक्य नव्हती.

बुधला माची चढून मेंगाईच्या देवळाशी पोचलो, तेव्हा तिथे कॉलेजच्या मुलांचा घोळका होता. लाल चौकड्यांचा पंचा, हनुवटीखाली गाठ, वर काळा गॉगल आणि खाली हजारोंचं जाकीट, असा लेहकर पाहून त्यातल्या एकानं अदबीनं विचारलं, “काका, हे असं का बांधलंय?”

लेहकरनं गाठ जरा घट्ट केली. म्हणाला, “लेहला असताना सगळे असंच बांधायचे.”