दप्तरदाखल

शहादा तालुक्यातील टेंभली हे गाव 29 सप्टेंबर 2010 पूर्वी आमच्या जिल्ह्यातीलच पुष्कळांना ठाऊक नव्हते. परंतु त्या दिवशी देशाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि श्रीमती सोनिया गांधी त्या गावी आले, तेथील एका गृहिणीच्या हाती देशातील पहिला आधार क्रमांक देण्यात आला, आणि या खंडप्राय देशातील यच्चयावत माणसांना बारा आकड्यांत बसविण्याच्या त्या अवाढव्य उद्योगाचा नारळ नंदुरबार जिल्ह्यात फुटला. कागदाचे राज्य आता संपणार, असे तेव्हापासून आम्ही ऐकत आलो आहोत. आणि ते संपत आल्याची पहिली खूण म्हणून आमच्या शहरात झेरॉक्सच्या दुकानांची जी भरभराट झाली ती पाहता, मिरचीच्या खालोखाल येथील मुख्य व्यापार हाच असावा अशी परगावच्या माणसाची समजूत झाल्यास तिला चुकीची म्हणण्यास आम्हांपाशी काही आधार नाही.

आमच्या घरातील कागदांचे सर्वाधिकारी म्हणजे आमचे वडील, नाना. ते महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले त्याला बराच काळ लोटला असला, तरी महसूल खाते त्यांच्यातून अद्याप निवृत्त झालेले नाही. नोकरीचा बहुतेक काळ त्यांनी धुळे हे जिल्ह्याचे ठिकाण असताना काढला. 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार वेगळा जिल्हा होईपर्यंत धडगावच्या माणसालादेखील जिल्ह्याच्या कचेरीचा शिक्का हवा असल्यास सातपुडा उतरून, तापी ओलांडून धुळे गाठावे लागे, आणि एखादा कागद घरी राहिला असल्यास तितकाच डोंगर पुन्हा चढून जावे लागे. ही वणवण ज्याने खिडकीच्या आतल्या बाजूने वर्षानुवर्षे पाहिली, त्याने ‘आपल्या घरातला एकही कागद टाकावयाचा नाही’ असा निश्चय केला, तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? या निश्चयाचे मूर्त स्वरूप नानांच्या पलंगाखाली आहे. बंद असताना ती पत्र्याची पेटी असते. उघडल्यावर कचेरी होते.

पेटीत तांबड्या कापडाचे रुमाल आहेत, प्रत्येक रुमालात वेखंडाचा तुकडा आहे, आणि रुमालांत काय आहे हे सांगण्यापेक्षा काय नाही हे सांगणे सोपे. शेतसाऱ्याच्या पावत्या आहेत. कापसाच्या एकाधिकार खरेदीच्या काळातल्या मापाच्या चिठ्ठ्या आहेत. ज्याचा आवाज आमच्या मुलांनी कधी ऐकला नाही अशा रेडिओच्या परवान्याचे, पोस्टाचे शिक्के मारलेले पुस्तक आहे. आणि चोरीस गेलेल्या सायकलचे हमीपत्रही होते, कारण सायकल सापडल्यास ते लागेल.

गेल्या दिवाळीत पुण्याहून आमचा भाचा आला. तो संगणकाच्या नोकरीत असल्यामुळे जगातील प्रत्येक वस्तूकडे ‘ही मोबाइलमध्ये का नाही?’ या दृष्टीने पाहतो. नाना एकदा पेटी उघडून बसले असता त्याची दृष्टी तिच्यावर पडली, आणि फराळाचे ताट बाजूला सारून त्याने जाहीर केले, “नाना, भाऊबीजेच्या आत तुमचं घर पेपरलेस करून टाकतो. सगळं स्कॅन करू, क्लाउडवर टाकू आणि रद्दी देऊन टाकू.”

रद्दी हा शब्द नानांसमोर उच्चारण्यापूर्वी त्याने आम्हांस विचारावयास हवे होते. नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि इतिहासाचार्य राजवाडे यांस साक्षीला बोलाविले. राजवाड्यांनी देह ठेवला तो धुळ्यात, 1926 च्या अखेरीस. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे आहे. त्यामुळे जुन्या पश्चिम खानदेशातील सुशिक्षित मनुष्य वादात हरू लागला म्हणजे राजवाड्यांचा आधार घेतो. “1898 साली त्यांनी साधनांचा पहिला खंड छापला,” नाना म्हणाले, “तो कुणाच्या जोरावर? कुणीतरी आपल्या घरचे कागद वाण्याला पुड्या बांधायला दिले नव्हते, म्हणून!” भाच्याने नम्रपणे निवेदन केले, की ते पानिपताच्या काळचे पत्रव्यवहार होते आणि ही 1983 ची दुधाची बिले आहेत. त्यावर नाना शांतपणे उत्तरले, “पानिपताच्या पत्रांत तरी दुसरं काय आहे बाबा? पैसे पाठवा, आणि धान्य मिळत नाही!” हा युक्तिवाद खोडून काढणे आम्हां कोणासही साधले नाही. अखेर मूळ कागद पेटीतच राहतील आणि त्यांची केवळ छबी मोबाइलमध्ये जाईल, असा तह झाला; म्हणजे कागद कमी करण्याच्या मोहिमेचे पहिले कलम कागद कमी न करण्याचे ठरले.

मग गच्चीवर सतरंजी अंथरून, वाऱ्याने उडू नये म्हणून प्रत्येक कागदाच्या चारही कोपऱ्यांवर वाट्या ठेवून छायाचित्रणास आरंभ झाला. खरेदीखताच्या छबीत भाच्याचा अंगठा असा काही आला आहे, की पुढील पिढीतील एखाद्या वकिलास तो निशाणी अंगठा वाटावा. कागद नानांनी एकेक करून दिले, मोजून परत घेतले, आणि रुजुवात पाहिल्याखेरीज दुसरा रुमाल सोडला नाही.

सातबाऱ्याचा प्रसंग विशेष सांगण्यासारखा आहे. तलाठ्याच्या सहीवाचून चालणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाराष्ट्रात 1 मे 2018 पासून घरबसल्या मिळतो, हे भाच्याने नानांस सप्रयोग दाखविले. नानांनी तो भिंगातून वरपासून खालपर्यंत वाचला आणि सही-शिक्क्याची आवश्यकता नाही अशा अर्थाच्या ओळीपाशी थांबले. “हे कोण म्हणतं?” त्यांनी विचारले. “सातबाराच म्हणतो, नाना.” “स्वतःच्या साक्षीवर स्वतः सुटलेला आरोपी मी आजवर पाहिला नाही,” असे म्हणून त्यांनी सदरहू उताऱ्याची प्रिंट काढविली, प्रिंटच्या झेरॉक्स काढविल्या, एकीवर स्वतःच्या हाताने ‘खरी नक्कल’ असे लिहून सही ठोकली, एक लॅमिनेट करविली आणि सर्व प्रती पेटीत दाखल केल्या. जो सातबारा पूर्वी आमच्या घरी एक होता, तो डिजिटल झाल्यापासून रुमालभर झाला आहे.

परंतु हा केवळ वार्धक्याचा हट्ट आहे असे मानण्याची घाई वाचकांनी करू नये. पुढे एका कचेरीत (नाव कशाला सांगा, त्यांच्याकडे आणखी कामे आहेत) आम्ही मोठ्या ऐटीने मोबाइल पुढे करून डिजिलॉकरमधील दाखला दाखविला. हा दाखला कायद्याने मूळ दाखल्याइतकाच ग्राह्य आहे, हेही सांगितले. खिडकीतील गृहस्थ सज्जन होते, त्यांनी तो दोन बोटांनी मोठा करून वाचला, आधुनिक विद्येची तोंडभरून स्तुती केली आणि म्हणाले, “छान आहे. आता याची झेरॉक्स लावा.” त्यांचेही खरेच होते, कारण फाइलीला टॅग लावताना मोबाइलला भोक कोठे पाडावयाचे? शिवाय आम्ही निदान शहरात राहतो. अक्राणी-अक्कलकुव्याकडील पाड्यांत रेंजसाठी टेकडी चढावी लागते. तेथील माणसाने पिशवीत कागद बाळगला तर तो मागासलेला नव्हे, दूरदर्शी म्हणावा.

ओटीपी नावाच्या संस्थेशी नानांचे आजही जमलेले नाही. जमिनीच्या फेरफारावर हरकत घेण्यास 15 दिवसांची मुदत देणाऱ्या खात्यात ज्याने हयात घालविली, त्यास 10 मिनिटांची मुदत म्हणजे निव्वळ मोगलाई वाटते. नाना देवळाच्या ओट्यावर, त्यांचा मोबाइल त्यांच्या खिशात, आणि आम्ही घरी संगणकासमोर ‘ओटीपी आला का?’ असे विचारीत फोन करतो आहोत, आणि तो आला असूनही ‘परक्यास सांगू नये’ असे त्यावर लिहिलेले असल्यामुळे नाना तो फोनवर सांगण्यास साफ नकार देत आहेत, हा देखावा आमच्या गल्लीस परिचित आहे.

आता मुख्य प्रकरणाकडे वळतो. पेटीत सर्वांत खाली, वेगळ्या पिवळ्या कापडात बांधलेली, आमच्या घराण्यातील यावत् विवाहांच्या आहेरांची वही होती. कोणी काय दिले, पातळ दिले की नुसताच खण, रोख असल्यास एकावन्न की एकशे एक, आणि त्यांच्या घरच्या कार्यात आपण काय परत केले, याचा पै-पैचा जमाखर्च तीत आहे. कोणाच्याही लग्नाची पत्रिका आली म्हणजे आई ती वही उघडी आणि काय न्यावयाचे ते ठरे. ती कोणास दाखविण्याची रीत नव्हती. भाच्याने या वहीचा एक सुंदर तक्ता तयार केला. नाव, गाव, नाते, रक्कम, परतफेड असे रकाने पाडले. इतकेच नव्हे, तर रकमेप्रमाणे चढत्या क्रमाने नावे लावून, ज्यांच्याकडून येणे आहे त्यांस तांबडा रंग दिला. आणि मग ‘आजीला पाठवतो’ असे म्हणत त्याने तो तक्ता आईस न पाठविता, नजरचुकीने, घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठविला.

कागद पेटीत असतो तेव्हा तो आपल्या पायांनी तळोद्यास जात नाही. हा तक्ता तळोदा, शहादा, दोंडाईचा, सुरत आणि एका चुलतभावामुळे न्यूजर्सी येथे एकाच क्षणी पोहोचला. भाच्याने तो तत्काळ पुसला. परंतु तेवढ्यात तो ज्यांनी उतरवून घ्यावयाचा त्यांनी उतरवून घेतला होता. पहिला फोन तळोद्याहून आत्याबाईंचा. त्या रागावल्या म्हणजे शुद्ध मराठी सोडून अहिराणीत येतात. “हाई काय शे रे भाऊ?” एवढे एकच वाक्य त्या बोलल्या. आत्याबाई तांबड्या रंगात, वरून तिसऱ्या होत्या. सुरतेच्या काकांनी काही न बोलता आईच्या खात्यावर एकशे एक रुपये ऑनलाइन पाठविले आणि शेऱ्यात ‘बाकी चुकती’ असे लिहिले. न्यूजर्सीकराने मात्र तक्त्यातील बेरीज चुकल्याचे सप्रमाण दाखवून दिले.

या अनर्थानंतर नानांनी संगणकाचा ताबा घेतला. ते स्वतः कळफलकास हात लावीत नाहीत. खुर्चीत बसून तोंडाने हुकूम सोडतात व आमची मुलगी ते अमलात आणते. भाच्याने सर्व छब्या ‘स्कॅन 0047’ अशा नावांनी ठेवल्या होत्या, त्यामुळे विजेचे बिल शोधू जाता आजोबांचा मृत्यूचा दाखला हाती येई. नानांनी विचारले, “गावाचा सारा संसार एकवीस नमुन्यांत मावतो, मग आपल्या घराचा का मावू नये?” गाव नमुना सातमध्ये हक्क, बारामध्ये पीक, आठ-अमध्ये खाते, प्रत्येक गोष्टीला एकच घर, आणि सहाच्या नोंदवहीत फेरफार मंजूर झाल्यावाचून सातमध्ये अक्षराचाही बदल नाही. हीच शिस्त त्यांनी फोल्डरांस लाविली. आता प्रत्येक फाइलीस सन, विषय आणि खातेदार अशा क्रमाने नाव आहे. नवी फाइल आली की आधी फेरफाराच्या वहीत नोंद, मग नानांची मंजुरी, मगच क्लाउड. सर्व पासवर्डही याच वहीत असून शेऱ्याच्या रकान्यात ‘बदलला, तारीख अमुक’ असे तांबड्या शाईने लिहिलेले असते. वही अर्थातच कागदाची आहे आणि पेटीत असते. पण हवा तो कागद आमच्या घरी हल्ली निमिषार्धात सापडतो हे निर्विवाद, आणि त्याचे श्रेय अ‍ॅपला देण्यास प्रस्तुत लेखक तयार नाही. दप्तरदार चांगला असला म्हणजे दप्तर रुमालात आहे की ढगात, याने फारसे अडत नाही. भाच्यापाशी ढग होता, दप्तरदार नव्हता.

रद्दीत अखेर काय गेले, असे कोणी विचारील, तर सायकलचे हमीपत्र गेले. नानांनी ते स्वतः, फेरफार नोंदवून, रद्दीवाल्याच्या हवाली केले.

आहेराची वही तेवढी डिजिटल दप्तरातून कायमची वगळण्यात आली आहे. तथापि तिचा तक्ता आमच्या नातलगांपैकी काहींच्या मोबाइलमध्ये अद्याप आहे, असे खात्रीलायक वृत्त आहे. त्यांपैकी कोणी हा मजकूर वाचीत असल्यास त्यांस विनंती, की त्यांनी तो कृपा करून पुसून टाकावा आणि पुसल्याची पोच लेखी, पोस्टाने पाठवावी; व्हॉट्सअ‍ॅपवरील निळ्या खुणा नाना पोच म्हणून दाखल करून घेत नाहीत.