पर्वतीचे पट्टेवाले

गुडघ्याला नी-कॅप चढवून रोज टेकडीवर जाणारे गृहस्थ ही पुण्याच्या सकाळची एक ठळक जमात आहे. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरीतून निवृत्त, चालण्यातून नाही. तळजाई, हनुमान टेकडी, पर्वती ही त्यांची वस्तीस्थाने. पैकी पर्वतीवर ते सर्वांत दाट आढळतात, कारण तिथे १०३ पायऱ्या आहेत आणि रोज मोजायला काहीतरी असले की निवृत्त माणसाला बरे वाटते.

या जमातीची ओळख पटवणे सोपे आहे. नी-कॅप हा कातडीला लागून घालायचा लवचीक मोजा. पट्टेवाले तो पँटवरून घालतात. आत घातला तर दुखणे कुणाला दिसत नाही, आणि न दिसलेल्या दुखण्याची कुणी चौकशी करत नाही. त्यांच्यात तीन श्रेणी असतात. पहिली साध्या इलॅस्टिकवाल्यांची. दुसरी निओप्रीनवाल्यांची, हिच्यात गुडघ्याच्या वाटीपुरते भोक असते, वेल्क्रोने आवळायची सोय असते आणि सोडताना होणारा ‘चर्रर्र’ आवाज चार पायऱ्या खालपर्यंत जातो. तिसरी श्रेणी दोन्ही अंगांना बिजागरी असलेल्या पट्ट्याची. हा पट्टा बहुधा अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेला असतो आणि त्याच्या मालकाशी बाकीचे जरा अदबीने बोलतात.

खरेदी औषधांच्या दुकानात होते. खोक्यावर मापांचा तक्ता छापलेला असतो. गुडघ्याचा घेर टेपने मोजून साइज ठरवायची असते. पट्टेवाले टेप जवळ येऊ देत नाहीत. “मीडियम द्या. मला कायम मीडियमच लागतो,” ते सांगतात. हे विधान १९८५ सालच्या शर्टांपुरते खरे असते. लहान मापाची कॅप मांडीत रुतते, गुंडाळी होऊन खाली येते, पोटरीला सूज आणते. तरी ती बदलून आणली जात नाही, कारण दुकानदारासमोर मीडियमपणा मागे घ्यावा लागेल.

चढताना संवाद ठरलेला असतो.

“काय नाना, गुडघा?”

“छे हो! गुडघा एकदम फर्स्ट क्लास. हे आपलं सपोर्टला.”

उतरताना मात्र नाना गप्प. उतारावर शरीराचा तोल सावरताना गुडघ्यावर जास्त ताण येतो, त्यामुळे चढताना शहाण्यासारखा वागलेला सांधा नेमका परतीच्या वाटेवर चुगली करतो. अशा वेळी नाना दर पंधरा-वीस पायऱ्यांवर थांबून शहराकडे बघतात आणि पूर्वी इथून काय काय दिसायचे ते सोबत्यांना दाखवतात. सोबती ऐकून घेतात. त्यांचेही गुडघे तेवढीच विश्रांती मागत असतात.

दुखण्याचे जमातीतले निदान एकच: वंगण संपले. वैद्यकशास्त्राच्या मते या वयात बहुतेकदा हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजलेली असते, आणि कॅप घालून ती भरून येत नाही. कॅप सांध्याला ऊब देते, हलका दाब देते आणि गुडघा कुठे, किती वाकला आहे याची जाणीव थोडी पक्की करते. त्याने दुखणे काहीसे सुसह्य होते आणि पाय टाकायला धीर येतो. सांध्याचा भार पेलायचे काम मांडीच्या पुढच्या स्नायूंचे. त्यासाठी डॉक्टरांनी व्यायाम दिलेला असतो: पाय पसरून बसायचे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबून धरायची, सोडायची. हा कागद फ्रिजवर चुंबकाने लावलेला असतो आणि टॉवेल कपाटात असतो. वजन एक किलो उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, हेही डॉक्टरांनी सांगितलेले असते. पायथ्याशी साबुदाणा वडा खाताना नाना हा हिशेब सर्वांना समजावून देतात.

घरी कॅपचे स्वागत वेगळे होते. “आधी ती धुवा, मग चहा,” असे नानी दारातूनच बजावतात. गुडघा त्यांचाही दुखतो; तो टॉवेल कपाटातून निघतो तो त्यांच्यासाठीच. पट्ट्याशिवाय आणि चौकशीशिवाय त्यांची दुखण्याशी बरी तडजोड चाललेली असते.

एवढे असूनही पट्टेवाल्यांचे फार चुकते असे नाही. दुखते म्हणून बसून राहिले की स्नायू सुटतात, आणि स्नायू सुटले की गुडघा जास्त दुखतो. झेपेल तेवढे चालणे हाच इलाजाचा मोठा भाग आहे. कॅप नसती तर नाना आरामखुर्चीतच राहिले असते. म्हणजे ती गुडघ्याहून जास्त आधार देते ती नानांच्या हट्टाला, आणि उपकार करतो तो हट्ट. मात्र गुडघा सुजला, अडकू लागला किंवा चालताना दगा देऊ लागला, तर कॅपचे काम संपते आणि डॉक्टरांचे सुरू होते. रात्री झोपताना ती काढून ठेवायची, हेही खोक्यावर लिहिलेले असते. खोके पहिल्याच दिवशी रद्दीत गेलेले असते.

पुढेमागे काहींची सांधेबदल शस्त्रक्रिया होते. ते महिन्या-दोन महिन्यांनी नव्या गुडघ्याने पहिल्या पायरीपाशी येतात आणि जुनी कॅप धुऊन, घडी घालून एखाद्या नवख्याच्या हाती देतात. नवखा तिच्यात पाय घालतो, मांडी आवळली जाते, चेहरा कसनुसा होतो. “जरा घट्ट होतेय,” तो म्हणतो. “सैल पडेल,” त्याला सांगण्यात येते, “मीडियम आहे.”