समजा, माती एकजिनसी आहे

सॉइल मेकॅनिक्सचं निम्मं गणित ‘समजा, माती एकजिनसी आहे’ या वाक्यानं सुरू होतं. वडूजच्या माणसाचं डोकं तिथंच उठतं. येरळेकाठी वर काळी, खाली मुरूम, शेजाऱ्याच्या हद्दीत मांजऱ्या माती आणि मधोमध कुणाच्या तरी आजोबांनी बुजवलेला आड! कार्ल टेरझागींनी या शास्त्राचं मूळ पुस्तक १९२५ साली व्हिएन्नात छापलं; आमच्या काळीला ते अजून कुणी वाचून दाखवलेलं नाही.

पण हा विषय वाचून येतच नाही, गणितं सोडवूनच येतो. म्हणून सुट्टीत मी चुलतभावाच्या नव्या घराचा पाया सोडवायला घेतला. पहिली चाचणी: ओली माती काचेवर वळायची आणि ३ मिलिमीटर जाडीला ती तुटू लागली, की तिच्यातलं पाणी मोजायचं. काकू म्हणाल्या, “शेवयाच वळायच्या तर रवा देते की!” पुढची चाचणी फुगण्याची. दहा-दहा ग्रॅम कोरडी माती, एका नळीत पाणी, दुसरीत रॉकेल, मुक्काम चोवीस तास. रॉकेलात माती गप्प बसते, पाण्यात फुगते. रेशनचं रॉकेल मातीला पाजणारा पुतण्या गल्लीत गाजला.

मग जमीन किती भार पेलेल ते काढायला मातीची ताकद ५० किलोपास्कल धरली, टेरझागींच्या ५.७ या गुणकानं गुणली, २८५ आले. सुरक्षेसाठी ३ नं भागून ९५. मिस्त्रींनी कागद पाहिला. “भाऊ तिघं, म्हणून वाटणी केली व्हय?”

त्यांनी खड्ड्यात पहार आपटली. “वाजत न्हाई. अजून खाली चला.”

आता मिस्त्रींना टेरझागी ठाऊक नव्हते, पण त्यांचं बरोबर होतं: माझं गणित होतं खचण्याचं आणि काळीचं दुखणं फुगण्याचं. तिच्या कणांच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की ती हलकं एकमजली घर चक्क उचलते आणि उन्हाळ्यात आक्रसून पुन्हा खाली सोडते. पुरावा काकूंच्या जुन्या घरातच होता: खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग. मे महिन्यात काकू तिच्यात लाईटबिल खोचत. ऑगस्टमध्ये ते ओढून निघत नसे. रॉकेलाविना केलेली फुगण्याचीच चाचणी ही.

शेवटी काळी काढून पाया मुरमात नेला, भोवती फरशी केली, मोरीचं पाणी लांब सोडलं. वास्तुशांतीला काकू भिंतीवरून हात फिरवत म्हणाल्या, “समदं झ्याक. पण लाईटबिल ठेवायचं कुठं?”