टूटीकाका

बोरिवलीला राहत असाल तर तुमच्या सोसायटीतही एक असेल. घाटकोपरला असाल तर कदाचित दोन. साठी ओलांडलेली, गुडघे दुखतात म्हणून लिफ्ट बंद पडली की सेक्रेटरीला फाडून खाणारी ही माणसं पार्किंगमध्ये मात्र दीड-दीड तास उकिडवी बसतात. समोर जमिनीवर कालचं वर्तमानपत्र, त्यावर नट-बोल्ट ज्या क्रमाने सुटले त्याच क्रमाने मांडलेले, आणि शेजारी साइड पॅनल उतरवलेली यामाहा आरएक्स १००. आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीतले टूटीकाका हे त्यातलं अस्सल वाण. त्यांचं खरं नाव टपालपेटीवर आहे, पण ते फक्त पोस्टमन वापरतो. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर जळायला जे टू-टी ऑइल लागतं, त्याचा वास काकांच्या शर्टाला येतो, रुमालाला येतो, आणि एका वर्षी त्यांनी वाटलेल्या सत्यनारायणाच्या प्रसादालाही आला होता.

काका एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. कारखाना गेला, त्या जागी टॉवर आला. पण बोटांना लागलेली मापाची सवय गेली नाही. कुणाच्याही घरी गेले की दाराची बिजागरी कुठे घासतेय ते चहाच्या आधी सांगतात. १९९२ साली कंपनीच्या पतपेढीचं कर्ज काढून त्यांनी ही गाडी घेतली. त्या वर्षी काकूंनी फ्रिज मागितला होता. फ्रिज १९९५ साली आला. मधली तीन वर्षं काकू अजून व्याजासकट मोजतात.

हीच गाडी का, असं काकांना कधी विचारू नये. विचारलंत तर गोष्ट थेट ऐंशीच्या दशकात जाते. त्याआधी आपल्याकडे बुलेट होती, येझदी होती, राजदूत होती आणि स्कूटरसाठी वर्षानुवर्षांची नंबराची रांग होती. मग दोन-तीन वर्षांच्या आत जपानी आले. १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये हीरो होंडा, त्याच वर्षाच्या शेवटी एस्कॉर्ट्सबरोबर यामाहा, आणि मागोमाग बजाजबरोबर कावासाकी. चौघांनीही शंभर सीसीचीच गाडी आणली. तिघांची टू-स्ट्रोक, एकट्या हीरो होंडाची फोर-स्ट्रोक. इथे काका थांबतात आणि बी विंगकडे बघतात, कारण बी विंगमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी राहतात आणि सेक्रेटरींकडे सीडी १०० आहे.

हे वैर जुनं आहे. सेक्रेटरींची गाडी लिटरला सत्तर-ऐंशी किलोमीटर देते, काकांची पस्तीस-चाळीस. सेक्रेटरींच्या गाडीचा आवाज त्यांच्या बोलण्यासारखाच, एका सुरात. एकदा पेट्रोल भरा आणि विसरून जा, अशी त्या गाडीची जाहिरातच होती. काका म्हणतात, "विसरायचीच असेल तर घ्यायची कशाला?"

या एका वाक्यात त्यांचं सगळं तत्त्वज्ञान आलं असं मला वाटतं, पण काका एका वाक्यावर थांबणारे नव्हेत. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला. "ती एक दिवसाआड जेवते, ही रोज जेवते. अंगात जोर कुणाच्या असेल?" म्हणून ९८ सीसीतून साडेसात हजार आरपीएमला अकरा हॉर्सपॉवर, आणि ओढायला गाडीचं वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास. बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५० मिलिमीटर. हा आकडा सांगताना काका हाताची दोन बोटं आधी आडवी आणि मग उभी धरतात. एवढुशा जागेत हे सगळं घडतं, यावर गेली तीस वर्षं त्यांचा पूर्ण विश्वास बसलेला नाही.

एकदा मी मागे बसलो होतो. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला ऐरोली नाक्याचा सिग्नल. डावीकडे एक नवीकोरी बुलेट, उजवीकडे भिंतीएवढी एसयूव्ही. काकांनी चष्मा वर सरकवला. सिग्नल हिरवा झाला आणि पहिली काही सेकंदं माझं पोट ऐरोली नाक्यावरच राहिलं. सुरुवातीला गाडी साधीच वाटते, मग इंजिन ठरावीक फेऱ्यांवर पोचतं, आवाज एकदम पातळ आणि टणक होतो, आणि कुणीतरी कॉलर धरून पुढे खेचल्यासारखं होतं. तेवढ्यात कांजूरमार्गची गर्दी आली आणि सगळे पुन्हा शेजारी शेजारी उभे राहिले. काका शर्यत जिंकले होते. शर्यत होती, हे इतर दोघांना माहीत नव्हतं.

"बुलेटवाल्याच्या इंजिनात जे आहे त्यातलं निम्मं या रस्त्यावर बाहेर काढायलाच मिळत नाही," काका मान मागे वळवून ओरडले. (वळवू नका, असं मी म्हणत होतो.) "मी माझी रोज पूर्ण पिळतो. आणि पूर्ण पिळली तरी पोलीस हात दाखवेल एवढा स्पीड होतच नाही!" छोट्या इंजिनाचं खरं सुख हे आहे. मुंबईच्या उपनगरात माणसाला कुठलीच गोष्ट पूर्ण वापरायला मिळत नाही. घर नाही, सुट्टी नाही, फुटपाथ तर नाहीच. काकांना अकरा हॉर्सपॉवर मिळतात, आणि अकराच्या अकरा त्यांच्या मुठीत असतात.

टू-स्ट्रोकवाला ओळखायचा कसा, तर त्याच्या डाव्या हातावरून. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलबरोबर जातं. उतारावर थ्रॉटल बंद करून गाडी नुसती घरंगळू दिली की पेट्रोल आटतं, त्याच्याबरोबर तेल आटतं आणि पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून मागचं चाक जागीच जाम होतं. त्या क्षणी क्लच दाबला गेला नाही तर माणूस आडवा. काकांची गाडी तरुणपणी एकदा कसारा घाटात अशी सीज झाली. तेव्हापासून डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. आता तर बेस्टच्या बसमध्ये दांडा धरला तरी दोन बोटं सुटी असतात. चहाचा कप धरतानाही. आरतीचं ताम्हण धरताना एकदा निरांजन पडलं, तेही या दोन बोटांमुळेच.

काकांच्या घरात गोदरेजच्या कपाटात मुलाचा जन्मदाखला, खोलीचं शेअर सर्टिफिकेट आणि दोन पिस्टन एकाच खणात आहेत. एक स्टॅंडर्ड, एक पॉइंट टू-फाइव्ह ओव्हरसाइज. हे मिळवायला त्यांनी चोरबाजारात किती शुक्रवार घालवले याचा हिशेब काकूंकडे आहे. सुरुवातीच्या आरएक्सना जपानहून आलेले सुटे भाग लागलेले असत, म्हणून या पंथातले लोक प्रत्येक भाग उलटा करून त्यावर 'जपान' कोरलंय का ते बघतात. काकांना हा चाळा इतका आहे की एका लग्नात त्यांनी जेवणाचं ताट उलटं करून पाहिलं. सुदैवाने तेव्हा ते रिकामं होतं.

पुंगळी काढणाऱ्या पोरांवर त्यांचा विशेष राग. सायलेन्सरमधली पुंगळी काढली की आरएक्स गल्ली जागी करते, आणि आपली गाडी जोरात धावतेय असं पोराला वाटू लागतं. काका अशा पोराला गेटवर अडवतात. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर नुसता धूर सोडायला नसतो, सिलिंडरमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण तो मागे ढकलतो, हे त्याला खडूने जमिनीवर चित्र काढून समजावतात. "आवाज वाढला म्हणजे जोर वाढला असं नाही रे. उलट गेला." हे वाक्य ते पुढे टीव्हीवरच्या चर्चा बघतानाही वापरतात.

मार्च १९९६ मध्ये भारत ईडन गार्डन्सवर वर्ल्डकपची सेमीफायनल हरला, आणि त्याच सुमारास धुराचे नवे नियम आले नि आरएक्स १०० बंद झाली. पहिल्या दुःखातून काका सावरले. दुसऱ्याचा सरकारी पाठपुरावा अजून चालू आहे. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नव्याने करायची, वर ग्रीन टॅक्स, आणि पीयूसी तर आहेच. पीयूसीच्या दिवशी काका आधी ऐरोली पुलापर्यंत एक फेरी मारून येतात, म्हणजे सायलेन्सरमधलं साठलेलं तेल वाटेत जळून जातं. तो धूर नवी मुंबईच्या खात्यावर. आरटीओत जायचं तर आदल्या रात्री रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन चेसिस नंबर घासतात. साहेबाने नंबर न वाकता वाचला पाहिजे, असा आग्रह. सी लिंक, फ्रीवे, कोस्टल रोड यांतलं काहीही दुचाकीला खुलं नाही याचं मात्र त्यांना सोयरसुतक नाही. "सरळ रस्त्यावर काय चालवायचं?"

२६ जुलै २००५ ची गोष्ट काकू सांगतात. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि काका गाडीसह कुर्ल्यात अडकले. फोन बंद. काकू रात्रभर देवापुढे बसलेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी काका कमरेपर्यंत चिखलाने माखलेले, गाडी ढकलत गेटमध्ये आले. काकू धावत खाली गेल्या. काका म्हणाले, "काळजी करू नकोस, बरी आहे. क्रँकमध्ये पाणी गेलंय फक्त." मग प्लग काढून, गाडी तिरकी करून त्यांनी किक मारली आणि प्लगच्या भोकातून मिठीचं पाणी काकूंच्या साडीवर उडालं. तासाभरात गाडी सुरू झाली. काकू सुरू व्हायला चार दिवस लागले.

अलीकडे मुलाच्या टॅबवर काका जपानमधल्या जुन्या अडीचशे सीसी गाड्या बघतात. तिकडे अडीचशेच्या वरच्या गाडीला ठरावीक मुदतीने सक्तीची सरकारी तपासणी आहे, खालच्या गाडीला नाही. तेव्हा तिथल्या इंजिनिअरांनी सगळी अक्कल अडीचशेत कोंबली. १९९० च्या होंडा सीबीआर २५० आरआरला चार सिलिंडर, एकेक साधारण बासष्ट सीसीचा, आणि लाल रेघ एकोणीस हजार आरपीएमला. काका ती रेघ बोटांनी मोठी करून बघतात. मुलाने स्वतःसाठी बिनआवाजाची इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आहे, तिच्याबद्दल काका काही बोलत नाहीत. पावसाळ्यात तिच्यावरही ताडपत्री टाकतात एवढंच.

गेल्या दिवाळीनंतर ठाण्याचा एक तरुण गाडी विकत घ्यायला आला. सव्वा लाख म्हणाला. काका गप्प झाले. गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी सुचवलं होतं आणि आताशा सकाळची पहिली किक मारताना ते ओठ चावत. त्यांनी प्रामाणिकपणे गाडीचे दोष सांगायला घेतले: दुसरा गिअर कधी सुटतो, टाकीला आतून गंज आहे, डावा इंडिकेटर मूळचा नाही. प्रत्येक दोषागणिक तरुणाचे डोळे अधिकच चमकत गेले. शेवटी काका म्हणाले, "बघ, तुला एवढीच आवड असेल तर..."

"थांबा," काकू चहा घेऊन आल्या होत्या. "अहो, रविवारी सकाळी साडेसात ते साडेदहा हे खाली असतात. माझ्या घरात तेवढीच शांतता. ती सव्वा लाखात बसते का?"

तरुणाने दीड लाख म्हटलं.

"आणि बुधवारची संध्याकाळ?"

पावणेदोनवर त्याने हात टेकले. काकूंनी त्याला चहा पाजला, चिवडा दिला आणि गेटपर्यंत सोडून आल्या. काका माझ्याकडे वळले. डोळे भरून आले होते.

"बघितलंस? बोलून दाखवत नाही, पण हिलाही गाडीचा लळा आहे."