आप्पा निवांत बसतात

जळगावात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे सरकला की माणसं कूलरमध्ये पाणी ओततात आणि डोंगराच्या गप्पा मारतात. अशाच एका दुपारी पुण्याहून आलेला पुतण्या आप्पांना सांगत होता, की थायलंडमधल्या चिआंग माई नावाच्या डोंगरी शहरात तो महिनाभर राहिला आणि तिथं त्यानं काहीही केलं नाही.

"मग पाहिलं काय?"

"काही नाही आप्पा. नुसता राहिलो. त्याला स्लो ट्रॅव्हल म्हणतात."

आप्पांचा जन्म केळीच्या व्यापारात गेला. रावेर-सावद्याहून दिल्लीकडे निघालेला माल वाटेत अडकला की पिकतो, आणि पिकला की भाव पडतो. घाई हा त्यांचा भांडवली खर्च होता. गंमत अशी, की ही केळी मूळची आग्नेय आशिया आणि न्यू गिनीकडची. तिकडून ती हजारो वर्षं रमतगमत आली आणि खानदेशात पोचताच तिला ट्रकची वेळ गाठायची सवय लागली.

आप्पांनी फोन काढून हिशेब मांडला. चिआंग माईची उंची समुद्रसपाटीपासून 300 मीटरच्या आसपास. धुळ्याची अडीचशेच्या. "एवढ्याशा चढासाठी विमान? मग धुळ्यालाच राहायचं होतं की भो!" पुतण्यानं त्या शहराची बाजू लावून धरली. 1296 साली वसलेली लान्ना राजांची राजधानी, चौकोनी खंदक, मागे दोई सुथेपचा डोंगर. शेतं नि रानं पेटवण्याच्या दिवसांत, साधारण मार्चमध्ये, तिथं धुरानं तो डोंगरही दिसेनासा होतो, हे मात्र त्यानं फार उशिरा कबूल केलं.

धुळ्याचा दावा खरं तर तितका पोकळ नाही. एका जागी बसून राहण्याची थोर परंपरा त्या गावाला आहे. 1932 साली विनोबा तिथं काही महिने मुक्कामाला होते. दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी उतरवून घ्यायचे. अठरा अध्याय, अठरा रविवार. राहण्या-जेवण्याची सोय सरकारनं तुरुंगात केली होती.

तर आप्पांनी ठरवलं, आपणही काही न करायला जायचं. जागा ठरली तोरणमाळ. सातपुड्यात, अकराशे मीटरच्या वर, म्हणजे चिआंग माईच्या तिपटीहून उंच आणि पासपोर्टाची कटकट नाही. 1998 पर्यंत ते धुळे जिल्ह्यात होतं; नंदुरबार वेगळा झाला तेव्हा तिकडे गेलं. धुळ्याच्या जुन्या माणसांना ते अजून हिश्श्यात गेलेल्या शेतासारखं आठवतं.

काही न करण्याची तयारी दोन दिवस चालली. काकूंनी कळण्याच्या पुऱ्या, लसणाची चटणी, शेंगदाणे आणि बिबड्यांचा डबा भरला. मिरचीही घेतली. वाटेत दोंडाईचा, पलीकडे नंदुरबार, दोन्ही मिरचीची पेठ, तरी घेतली. परमुलखातल्या तिखटावर भरवसा कोण ठेवणार?

सुरतेकडे जाणारी पॅसेंजर धरली. अमळनेर आलं की आप्पा विप्रोचा जन्म इथलाच, 1945 चा, असं डब्यातल्या अनोळखी माणसालाही सांगतात. दर वेळी, न चुकता. पूर्वी हा मार्ग एकेरी होता, तेव्हा गाडी क्रॉसिंगला थांबायची आणि डब्यात लग्नं जमायची. रूळ दुहेरी झाले नि ती सोय गेली. दोंडाईच्याला उतरून सारंगखेड्याला तापी ओलांडली, शहादा गाठलं आणि तिथून जीपनं घाट.

वर यशवंत तलावाच्या काठी आप्पा बसले. काही वेळ खरंच बसले. मग तलावात पाणी किती मावत असेल यावर काकूंशी वाद, मग सीताखाईच्या कड्यावर कठडा कुठे हवा याची सूचना, मग गोरखनाथाच्या देवळात महाशिवरात्रीच्या यात्रेला माणूस किती येतो याची चौकशी. फोनला रेंज नाही म्हणून ते तीनदा फोन बंद करून चालू करून आले.

"अहो, नुसतं राहायचं म्हणाला होतात ना?" काकू म्हणाल्या.

त्यातल्या त्यात त्यांचं मन रमलं एका पावरा म्हाताऱ्याच्या अंगणात. बाया कैऱ्या चिरून उन्हात पसरत होत्या, आमचुरासाठी. आप्पांनी अर्थातच भाव विचारला, आणि व्यापाऱ्याला किती सुटतात ते ऐकून व्यापारी असूनही गप्प झाले. इथं किती शांत आहे हो, असं मग काकू म्हणाल्या. म्हातारा म्हणाला, पोरं दिवाळीनंतर ऊस तोडायला गुजरातेत जातात तेव्हा याहून शांत असतं. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर आणखीच शांत. पर्यटनाच्या माहितीपत्रकात ही शांतता छापत नाहीत.

संध्याकाळी म्हाताऱ्यानं अस्तंभ्याची गोष्ट काढली. सातपुड्यातलं हे शिखर तेराशे मीटरच्या वर. दिवाळीत धनत्रयोदशीच्या सुमारास तिथं यात्रा भरते. अश्वत्थामा कपाळाच्या जखमेला तेल मागत अजून या डोंगरांत फिरतो, अशी श्रद्धा आहे. महाभारतापासून फिरतोय, पोचायचं कुठं नाही, परतीचं तिकीट नाही. पुतण्याच्या महिन्याची काय कथा! आप्पांचा प्रश्न वेगळाच होता: "तेल कोणतं चालतं त्याला, शेंगदाण्याचं की तिळाचं?"

सकाळी परतीची जीप उभी होती. किती वाजता सुटते, असं विचारल्यावर चालक म्हणाला, भरली की. अजून चार माणसं कमी होती. काकू आत बसून बिबडे खाऊ लागल्या. आप्पांनी थोडा वेळ घड्याळ पाहिलं, मग चपला सरकवून खाली उतरले आणि चौकात जाऊन खणखणीत आवाजात ओरडू लागले, "शहादा, शहादा, शहादा!" दोन प्रवासी त्यांनी मिळवले, तिसऱ्याशी भाड्यावरून घासाघीस सुरू झाली, तेव्हा चालकाला मध्ये पडावं लागलं.