मुलाखतीला जाताना: झरीकरांसाठी प्राथमिक धडे

पहिला धडा पत्त्याचा. 'कुठले तुम्ही?' विचारलं की 'झरी जामणी' म्हणायचं नाही. दोन गावांची नावं जोडून एक तालुका झाला आणि पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागतं, हे सांगेस्तोवर तुमची वेळ संपते. 'यवतमाळ' म्हणा. साहेबांच्या डोळ्यांत आपोआप कणव दाटते. दाटू द्या, फुकट आहे.

'मागची नोकरी काहून सोडली?' असं घरी विचारलं तर तुम्ही म्हणता, 'पगारच देत नव्हते जी.' उत्तर खरं, पुरेसं, म्हणूनच इथे चालत नाही. 'नव्या संधींच्या शोधात होतो' म्हणा. 'मी काम करून राह्यलो' हे गावीच ठेवून या. इथे माणूस 'कार्यरत' असतो. आणि हो, घरी थोरांच्या डोळ्याला डोळा भिडवला तर बोलणी खाता. इथे नाही भिडवला तर आत्मविश्वास कमी भरतो.

आता खरा अवघड धडा. अर्जात 'अवगत भाषा' असा रकाना असतो आणि त्यात ओळी तीन. कोलाम पोडावरचा, म्हणजे वस्तीवरचा, पोरगा घरी कोलामी बोलतो, शेजारच्या गोंडी घरात गोंडी, शाळेत मराठी. नदीपलीकडच्या पाहुण्यांशी तेलुगू. मुकुटबनच्या सिमेंट कारखान्यावर नि वणीच्या कोळसा खाणींवर येणाऱ्या ट्रकवाल्यांशी हिंदी. अडलेल्या गाडीवरून ड्रायव्हर आणि गावकरी हमरीतुमरीवर आले की मध्ये याच पोराला बोलावतात; तो याचं त्याला सांगतो, त्याचं याला, आणि निम्म्या शिव्या मधल्या मधे गाळतो. हे अर्जात लिहायचं नाही! तिथे लिहायचं मराठी, हिंदी, इंग्रजी. तिसरीत तुमची मजल 'माय नेम इज'पर्यंत असली तरी चालेल. सरकारदरबारी कोलाम ही राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. तिच्या दाखल्याला अर्जासोबत जागा असते, तिच्या भाषेला नसते.

मग साहेब विचारतील, 'कम्युनिकेशन स्किल आहे का?' नम्रपणे म्हणा, 'शिकतोय सर.' एका भाषेत बोलणारा साहेब पाच भाषा बोलणाऱ्याला संवाद शिकवायला तयार असतो, त्याचं मन मोडू नये.

हात कसा मिळवावा, टाय कसा बांधावा हे मोबाइलवर बघून घ्या, त्यात काही नाही.

एवढं सोंग जमणार नसेल तर केंद्र सरकारच्या भरतीकडे वळा. तिथे १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद आहेत; लेखी परीक्षा आणि लागेल तिथे कौशल्य चाचणी, बस्स.

टेबलापलीकडच्यांसाठी धडा एकच: पुढच्या भरतीच्या अर्जात भाषांच्या ओळी तीनाच्या पाच करा, आणि शाई संपली तर मागच्या पानावरही लिहू द्या.